हलकी रायफल: तयार घ्यावी की बांधून घ्यावी?

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, आता कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ राहते. आम्ही दोघे ऑक्टोबर-नोव्हेंबरात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाऊ लागलो आहोत. नवऱ्याची जुनी रायफल मला जड होते आणि लांबही पडते. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. दुकानात टिक्का टी३एक्स लाइट हजार डॉलरच्या आत मिळते आहे. एका बंदूककाराने मात्र 'तुमच्यासाठी खास बांधून देतो' म्हणत सात हजार डॉलर आणि जवळपास वर्षभराची मुदत सांगितली. दोन्हींच्या वजनात फरक निघाला जेमतेम अर्ध्या किलोचा. बाकीचे पैसे कशाचे? आणि मी काय घ्यावे?

उत्तर : तयार रायफल घ्या, तिचा दस्ता तुमच्या मापाचा करून घ्या आणि वाचलेल्या पैशांतला मोठा वाटा काडतुसांवर आणि सरावावर खर्च करा. बांधून घेतलेल्या रायफलीचे मोल मी कमी लेखत नाही. पण ती मागवताना आपल्याला नेमके काय हवे ते सांगता आले पाहिजे, आणि ते वापरातूनच कळते.

आधी पैशांचा हिशेब. टिक्का फिनलंडमधल्या रीहिमाकी गावी, साकोच्या कारखान्यात तयार होते. टी३ हे मॉडेल २००३ मध्ये आले आणि त्याची सुधारित आवृत्ती टी३एक्स २०१६ मध्ये. तिथे नळी थंड धातूवर घाव घालून घडवतात. नळीच्या भोकात सर्पिल खाचांचा उलटा ठसा असलेला कठीण दांडा घालतात आणि यंत्राचे हातोडे बाहेरून ठोकत जातात. आतल्या खाचा त्यातच उमटतात. अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस आत घेणारा आणि बंद करणारा मधला पोलादी भाग, सगळ्या काडतुसांसाठी एकाच लांबीचा ठेवला आहे. दस्ता आणि मॅगझिन प्लॅस्टिकचे आहेत. एकच वस्तू मोठ्या संख्येने आणि कमीत कमी फरकाने बनते, म्हणून ती स्वस्त पडते. स्वस्त असली तरी तिची नळी आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा, उत्तम असतात.

बंदूककाराची पद्धत वेगळी. तो अ‍ॅक्शन एकीकडून आणतो, मोंटानातल्या कोलंबिया फॉल्सच्या डिफायन्सकडून म्हणा. नळी लिल्जाची किंवा कार्बन फायबर गुंडाळलेली प्रूफ रिसर्चची, दस्ता अ‍ॅरिझोनातल्या मॅकमिलनचा, चाप आणखी कुणाचा. चांगल्या अ‍ॅक्शनची एकटीची किंमत कित्येकदा अख्ख्या टिक्कापेक्षा जास्त असते. मग लेथवरचे काम सुरू होते. काडतूस बसण्याची जागा नळीच्या भोकाशी अगदी समकेंद्री कापायची, बोल्टचे दोन्ही कान सारख्या दाबाने टेकतात का ते पाहायचे, दस्त्यात इपॉक्सी भरून अ‍ॅक्शनला तंतोतंत बैठक करायची. यात एका कुशल माणसाचे कित्येक दिवस जातात. सात हजारांतली बरीच रक्कम ही अशी सुट्या भागांत आणि हातकामात जाते, आणि चांगल्या कारागिराच्या बाबतीत ती वाजवी असते.

आता वजन. हलकेपणाचे मार्ग मोजके आहेत: नळी बारीक किंवा आखूड करायची, तिच्यावर बाहेरून लांब खाचा पाडायच्या, अ‍ॅक्शन टायटॅनियमची करायची, दस्ता कार्बन फायबरचा घ्यायचा. टायटॅनियमची घनता पोलादाच्या साठ टक्क्यांहूनही कमी असते. या विद्येतले मोठे नाव म्हणजे वेस्ट व्हर्जिनियाचे मेल्विन फोर्ब्स. १९८०च्या दशकात त्यांनी मोठी अ‍ॅक्शन पोखरून हलकी करण्याऐवजी काडतुसाच्या आकाराला पुरेल एवढीच अ‍ॅक्शन मुळापासून आखली. ती २० औंसांची, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅमची भरली, म्हणून मॉडेलचे नाव 'मॉडेल २०' पडले. केव्हलार आणि कार्बन फायबरचा दस्ता धरून पूर्ण रायफल सव्वादोन किलोंच्या आसपास बसली. बहुतेक तयार रायफली तेव्हा तीन किलोंच्या पुढे होत्या. त्या काळी हलकी आणि तरीही नेमकी रायफल हवी असेल तर बांधून घेण्याला खरोखरच पर्याय नव्हता.

आज तशी स्थिती नाही. टी३एक्स लाइट २.८ किलोंच्या आसपास आहे. किंबरची माउंटन असेंट त्याहून महाग, पण कारखान्यातच बनणारी, २.२ किलोंच्या घरात आहे. वेदरबी आणि युटातली क्रिस्टेन्सन आर्म्स यांच्याही हलक्या रायफली दुकानात मिळतात. फोर्ब्स यांच्यासारख्यांनी जी वाट पाडली, ती आता कारखान्यांनी रुंद केली आहे.

शिवाय खांद्यावर नुसती रायफल नसते. तिच्यावर दुर्बीण येते, दुर्बिणीच्या कड्या येतात, पट्टा आणि चार काडतुसे येतात. दुर्बिणी साडेतीनशे ग्रॅमपासून सातशेपर्यंत, आणि त्याहूनही जड असतात. हजारो डॉलर मोजून अ‍ॅक्शनमधले दोनशे ग्रॅम कमी करायचे आणि वर भली मोठी दुर्बीण चढवायची, हा व्यवहार मला पटत नाही. तुम्ही ३ ते ९ पट मोठे दाखवणारी साधी, हलकी, चांगल्या काचेची दुर्बीण निवडलीत, तर अर्ध्या किलोतला बराचसा फरक तिथेच भरून निघेल. कोलोरॅडोत एल्क ज्या उंचीवर राहतात ती अनेक ठिकाणी कळसूबाईच्या दुप्पट आहे, तेव्हा तिथे प्रत्येक ग्रॅम जाणवतो हे खरे. पण शिकार साधली की हाडे काढलेले सत्तर ते शंभर किलो मांस पाठीवरून खेपा करत खाली आणायचे असते, आणि खाण्याजोगे मांस टाकून येणे तिथे गुन्हा आहे. पायांची तयारी त्या अर्ध्या किलोपेक्षा कितीतरी मोठी.

मग अचूकतेचे काय? इथे मोजमाप कोनात करतात: एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरवर तो सुमारे २.९ सेंटिमीटर भरतो. समजा, तयार रायफलीच्या गोळ्या दीड मिनिटाच्या वर्तुळात पडतात. तीनशे मीटरवर ते वर्तुळ १३ सेंटिमीटर रुंद होईल. उत्तम बांधलेल्या रायफलीचे अर्ध्या मिनिटाचे वर्तुळ तिथे साडेचार सेंटिमीटरचे. एल्कच्या हृदय-फुप्फुसांचा भाग सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दोन्ही वर्तुळे त्यात सहज बसतात. दोन वर्तुळांच्या त्रिज्यांतला फरक चार-साडेचार सेंटिमीटरचा आहे. चढ चढून धापा टाकत बसलेल्या माणसाचे हात नेम त्याच्या कितीतरी पट इकडेतिकडे नेतात. म्हणून सराव हवा. आणि सराव कमी असेल तर तीनशे मीटरवर गोळी झाडूच नये, दीडशेवर जावे. जनावर जखमी होऊन निसटणे ही शिकाऱ्याच्या हातून होणारी सर्वांत वाईट गोष्ट आहे.

तुमच्यासाठी खरा मुद्दा दस्त्याच्या मापाचा आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर तयार रायफलीत साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच ठेवलेले असते. तुमच्या उंचीच्या व्यक्तीला ते बहुधा बारा-साडेबारा इंच लागते. दस्ता लांब पडला की मान पुढे ताणावी लागते, डोळा दुर्बिणीच्या मागे योग्य जागी येत नाही, रायफल खांद्याच्या खोबणीऐवजी दंडावर टेकते आणि धक्का तिथे बसतो. मग चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. 'जड आणि लांब' ही तुमची तक्रार मला मुख्यतः लांबीची वाटते, कारण पुढे झुकलेली रायफल असते त्यापेक्षा जड भासते. तयार सदरा घेऊन शिंप्याकडून बाह्या आखूड करून घ्याव्यात, तसा कोणताही स्थानिक बंदूककार दस्ता कापून वर रबरी गादी बसवून देतो. त्याला शेकडो डॉलर लागतील, हजारो नव्हेत. मोजणी मात्र हिवाळी जाकीट घालूनच करून घ्या, कारण शिकारीला जाताना ते अंगावर असणार.

काडतूस ७ मिमी-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमोर यांपैकी निवडा. दोन्हींचा धक्का .३०-०६ किंवा मॅग्नम काडतुसांपेक्षा सौम्य आहे आणि दोन्ही दुकानात सहसा मिळतात. एल्कसाठी कोलोरॅडोचा नियम आहे की गोळी किमान ६ मिमी व्यासाची असावी, निदान ८५ ग्रेन वजनाची आणि आघाताने पसरणारी असावी. ही दोन्ही त्यात आरामात बसतात. दोन्हींतून निवड करायची झाली तर एल्कसाठी मी जड गोळीचे ७ मिमी-०८ घेईन.

मग बांधून कुणी घ्यावी? ज्याने तयार रायफल दोन-तीन हंगाम वापरली आहे आणि जो 'दस्त्याची गालाची बाजू उंच हवी, नळी वीस इंचांची हवी, अमुकच काडतूस हवे' असे ठामपणे सांगू शकतो, त्याने. ज्याच्या शरीराला कोणताही तयार दस्ता कापून-जोडूनही जुळत नाही, त्याने. आणि ज्याला कारागिरीचे प्रेम आहे, अक्रोडाच्या लाकडाची रेषा पाहून ज्याला आनंद होतो, त्यानेही. तो आनंद खरा आहे आणि त्यासाठी पैसे देण्यात काही गैर नाही.

याचे सुंदर उदाहरण अमेरिकेच्या शिकार-साहित्यातच आहे. 'आउटडोअर लाइफ' मासिकाचे शस्त्रविषयक संपादक जॅक ओ'कॉनर यांनी .२७० विंचेस्टर काडतूस घरोघरी पोचवले. त्यांची सर्वांत लाडकी रायफल बांधून घेतलेली होती, पण तिची सुरुवात झाली आयडाहोतल्या लुइस्टन गावच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून. तिथून त्यांनी विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट ही तयार रायफल घेतली, ती झाडून पाहिली, ती विलक्षण नेमकी निघाली, आणि मगच त्यांनी ती स्पोकेनच्या अल बीसेन यांच्याकडे नवा अक्रोडी दस्ता बसवायला पाठवली. तुम्हीही हाच क्रम ठेवा. तुमची टिक्का चांगली निघाली, तर पुढे तिच्याच अ‍ॅक्शनवर हलका, मापाचा दस्ता चढवता येईल.

तरीही बांधूनच घ्यायचे ठरले, तर आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बंदूककाराकडून या गोष्टी लेखी घ्या:

१. सांगितलेले वजन दुर्बिणीसह आहे की दुर्बिणीशिवाय?
२. अचूकतेची हमी किती गोळ्यांच्या ग्रुपवर आहे? तीन गोळ्यांचा एखादा ग्रुप योगायोगानेही लहान पडतो. पाच गोळ्यांचे दोन-तीन ग्रुप मागा.
३. मॅगझिनमधून शेवटच्या काडतुसापर्यंत सगळी काडतुसे न अडकता वर येतात, हे तपासून देणार का?
४. काडतूस दुकानात मिळणारे आहे की घरी भरावे लागणारे?
५. उद्या त्याचे दुकान बंद झाले तर सुटे भाग कुणाकडे मिळतील?

एवढे मात्र लक्षात ठेवा की दुसऱ्याच्या मापाने बांधलेल्या रायफलीला पुढे गिऱ्हाईक कमी भावाने मिळते. तयार टिक्का विकणे सोपे असते.

प्रश्न : मी पुण्यात रायफल नेमबाजी करतो. आमच्या खेळात रायफल जितकी स्थिर तितकी बरी, म्हणून वजन मर्यादेपर्यंत वाढवतात. मग शिकारी हलकी रायफल का मागतात, आणि हलकेपणात नेमके गमावतात काय?

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. दहा मीटर एअर रायफलला साडेपाच किलोंपर्यंत वजनाची मुभा आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातल्या रायफली तर आणखी जड असतात. खेळाडू रायफल घेऊन डोंगर चढत नाही. शिकारी दिवसभर रायफल वाहतो आणि झाडतो एखादीच गोळी, कित्येक दिवस तर एकही नाही. म्हणून त्याच्यासाठी हलकेपणाला अर्थ आहे. पण त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत धक्क्याची. गोळी आणि वायू पुढे जातात तेवढाच संवेग रायफल मागे घेते. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दुर्बिणीसह चार किलोंची रायफल तीन किलोंवर आणली की ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. नळीच्या तोंडावर ब्रेक बसवला तर धक्का कमी होतो, पण आवाज भयंकर वाढतो; मग कानांच्या संरक्षणाशिवाय गोळी झाडूच नये.

दुसरी किंमत नळीची. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. व्यास दहा टक्क्यांनी कमी केला तर ताठपणा सुमारे एक तृतीयांशाने घटतो. बारीक नळी तापतेही लवकर, आणि धातूत ताण शिल्लक राहिला असेल तर तापल्यावर किंचित वाकते. मग चौथी-पाचवी गोळी वेगळीकडे पडू लागते. शिकारीत पहिल्या गार नळीतून सुटलेल्या गोळीला महत्त्व असते, म्हणून शिकारी हे चालवून घेतो. सरावात मात्र दर दोन-तीन गोळ्यांनंतर नळी गार होऊ द्यावी.

तिसरी किंमत स्थिरतेची, आणि ती तुम्हाला चटकन पटेल. श्वास, नाडी, चापावरचे बोट या सगळ्यांनी हलकी रायफल जास्त हलते. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत जेमतेम एक-दीड मिलिसेकंद जातो, तरी रायफल तेवढ्यातच मागे सरकू लागलेली असते. त्यामुळे पकड दर वेळी सारखी ठेवावी लागते. जड रायफल पकडीतला फरक खपवून घेते, हलकी घेत नाही. तुमच्यासारख्या शिस्तीने चाप ओढणाऱ्याला हलकी रायफल लवकर वश होईल.

प्रश्न : शिकारीच्या हत्यारांविषयी इतके सविस्तर सांगणे योग्य आहे का? आपल्याकडे तर शिकार बंद आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची अस्वस्थता मी समजू शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने छंदाच्या शिकारीचा दरवाजा बंद केला. तो बंदच राहावा असे माझे मत आहे, कारण आपली जंगले आणि त्यांतली जनावरे आणखी भार सोसू शकणार नाहीत. कोलोरॅडोची परिस्थिती निराळी आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यापेक्षा जास्त एल्क तिथे आहेत. राज्याचे वन्यजीव खाते कळपांच्या संख्येचा अंदाज घेऊन परवाने ठरवते. १९४९ पासून पुढे जन्मलेल्या माणसाला शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय तिथे परवाना मिळत नाही. शिवाय शिकारी रायफली आणि काडतुसे यांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार तो पैसा राज्यांना अधिवास, संशोधन आणि शिकारी-शिक्षण यांसाठी मिळतो. वर्षाला पन्नासांहून कमी बंदुका बनवणाऱ्या छोट्या कारागिरांना मात्र यातून सूट आहे. अशा ठिकाणी आपली माणसे कायद्याने शिकार करत असतील, तर ती नीट, जनावराला कमीत कमी यातना देऊन करावी, एवढ्यासाठी हे तपशील मी देतो.

प्रश्न : मी न्यू जर्सीत एच-१बी व्हिसावर आहे. मित्रांबरोबर शिकारीला जाण्यासाठी रायफल विकत घेता येईल का?

उत्तर : आधी कायदा पाहा, मग दुकान. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक आणि काडतुसे जवळ बाळगायला मनाई करतो. याला अपवाद आहेत, आणि त्यांतला तुमच्या उपयोगाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. म्हणजे आधी शिकारी-शिक्षण, मग परवाना, त्यानंतर रायफल. परवाना हाती येण्यापूर्वी मित्राची रायफल रेंजवर सहज म्हणून हातात घेणेही 'जवळ बाळगणे' ठरू शकते, आणि त्याचा परिणाम थेट तुमच्या व्हिसावर होऊ शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत रायफल खरेदीसाठी पोलिसांकडून ओळखपत्र काढावे लागते. तिथे हरणाची शिकार सेंटरफायर रायफलीने करताही येत नाही. शॉटगन, तोंडातून भरायची बंदूक किंवा धनुष्य वापरतात. तेव्हा तुम्ही शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात जाणार असाल तरच रायफलीचा विचार करा. बांधून घेतलेल्या रायफलीलाही यातून सुटका नाही. कायद्याच्या दृष्टीने अ‍ॅक्शनची चौकट हीच 'बंदूक' असते. नळी आणि दस्ता टपालाने घरी येऊ शकतात, चौकट मात्र परवानाधारक दुकानदाराकडूनच, अर्ज भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन हातात पडते. पैसे देण्यापूर्वी स्थलांतर-कायदा जाणणाऱ्या वकिलाला आपली कागदपत्रे दाखवा आणि शिकार परवान्याची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा, कारण ती संपली की तुमची सवलतही त्याच दिवशी संपते.